अखेनातेन सुइट

अमेरिकन ट्रम्पेटवादक रॉय कॅम्बेल (१९५२–२०१४) यांची प्राचीन ईजिप्तवरील जॅझ रचनामालिका. २००७ साली न्यूयॉर्कच्या व्हिजन फेस्टिव्हलमध्ये ती सादर झाली. तिथल्याच ध्वनिमुद्रणाचा अल्बम २००८ मध्ये ‘ऑम फिडेलिटी’ या कंपनीने काढला. सुइट म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या, पण स्वतंत्रपणेही ऐकता येतील अशा रचनांची माळ. इथे ते सूत्र एका राजाचे आहे.

अठराव्या राजवंशातील चौथा आमेनहोतेप इ. स. पू. चौदाव्या शतकात गादीवर आला. काही वर्षांतच त्याने अखेनातेन हे नाव घेतले, अमुन देवाच्या बलाढ्य पुरोहितांना बाजूला सारून आतेन या सूर्यबिंबाची उपासना राजधर्म केली आणि थीब्झ सोडून वाळवंटाच्या कडेला नवी राजधानी वसवली. तिचे अवशेष आज अमार्ना येथे आहेत. तो गेल्यावर जुने देव परतले, पुढच्या राजांनी त्याची मंदिरे पाडून दगड दुसऱ्या बांधकामांत घातले आणि राजांच्या यादीतून त्याचे नाव गाळले. ही गोष्ट कॅम्बेल शब्दांत सांगत नाहीत. विभागांची शीर्षके तेवढी दिशा दाखवतात. राजाचे नाव, आतेन व अमार्ना, मग अनेक भागांत पसरलेला ‘फॅरोचा (ईजिप्तच्या राजाचा) सूड’ आणि नाईलवरचा सूर्यास्त.

वाद्यमेळ पाच जणांचा. कॅम्बेल यांच्यासह बिली बँग (व्हायोलिन), ब्रायन कॅरट (व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य), हिलियर्ड ग्रीन (बास) आणि झेन मात्सुउरा (ड्रम्स). पियानो नाही, सॅक्सोफोनही नाही, आणि हीच या मेळाची खरी खुबी. पियानोच्या भरगच्च स्वरसंघातांऐवजी व्हायब्राफोनचा रेंगाळणारा धातुनाद आहे, त्यामुळे व्हायोलिन आणि ट्रम्पेट यांना मोकळी जागा मिळते. कॅम्बेल अरगूलही वाजवतात. हे ईजिप्तचे जोडनळीचे वाद्य. गारुड्याच्या पुंगीप्रमाणे एक नळी अखंड आधारस्वर धरते, दुसरीवर चाल वाजते.

या संगीताला ‘ईजिप्शियन’ म्हणताना मात्र जपून बोलावे. फॅरोंच्या काळातील संगीताचे वाचता येईल असे स्वरलेखन हाती आलेले नाही. वीणा, बासऱ्या, सिस्ट्रम (हातात धरून खुळखुळवायचे वाद्य) ही वाद्ये आणि थडग्यांतील चित्रे उरली, चाली गेल्या. तुतानखामेनच्या (हा बहुधा अखेनातेनचाच मुलगा) थडग्यात दोन ट्रम्पेट सापडले. १९३९ मध्ये ते बीबीसीसाठी वाजवले गेले आणि त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकता येते. आवाज कळतो, त्यांवर काय वाजत असे ते कळत नाही. त्यामुळे ही रचना पुनर्निर्मिती नव्हे. अमेरिकेतील ‘फ्री जॅझ’च्या (ठरीव चाल-तालाची बंधने झुगारणाऱ्या जॅझच्या) गोटात वाढलेल्या कलावंताची ती कल्पना आहे.

त्या कल्पनेला परंपरा आहे. गुलामगिरीने ज्यांचा पूर्वेतिहास पुसला त्या कृष्णवर्णीय अमेरिकनांनी ईजिप्तकडे आफ्रिकेचा वारसा म्हणून पाहिले. जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख सन रा यांनी ईजिप्तच्या सूर्यदेवाचेच नाव धारण केले आणि १९७१ मध्ये वाद्यवृंदासह ईजिप्त गाठले. सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स यांच्या ‘तौहीद’ (१९६७) या अल्बमची सुरुवात वरच्या (दक्षिण) आणि खालच्या (उत्तर) ईजिप्तवरील दीर्घ रचनेने होते. जॅझ पियानो व हार्पवादक अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांनी १९७० मध्ये प्ताह या ईजिप्शियन देवाच्या नावाने अल्बम केला. बिली बँग यांनी सन रा यांच्यासोबत वाजवलेले होते, आणि कॅम्बेल यांच्या आधीच्या त्रिकुटाचे नावच ‘पिरॅमिड ट्रिओ’ होते.