मारिया कॅलसची मेडिया: ऑपेरातली आणि सिनेमातली
‘कॅलस’ आणि ‘मेडिया’ असं एकत्र शोधलं की दोन वेगळ्या कलाकृतींची सरमिसळ होऊन समोर येते. एक ऑपेरा, एक सिनेमा. दोन्हींत ऑपेरागायिका कॅलसच मेडिया, म्हणजे ग्रीक पुराणकथेतली जेसनची बायको, आहे, म्हणून सिनेमा हे ऑपेराचंच चित्रीकरण असावं असा समज सहज होतो. मग जवळजवळ दोन तास तिच्या गाण्याची वाट बघण्यात जातात, आणि ती गातच नाही.

ऑपेरा केरुबिनी या संगीतकाराचा. पॅरिसमध्ये १७९७ साली तो फ्रेंचमध्ये झाला. पुढे तो क्वचितच रंगमंचावर येई. १९५३ मध्ये कॅलसने फ्लॉरेन्सला त्याचं इटालियन रूप गायलं आणि त्याला नवा जन्म दिला. कथा थेट ग्रीसमधल्या कॉरिंथमध्ये सुरू होते: जेसनने टाकलेली मेडिया त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या घरी येऊन उभी राहते. तिचा अपमान, विनवणी, सूड, सारं गळ्यातून येतं. १९५७ ची सेराफिनच्या संचालनाखालची ध्वनिमुद्रिका ऐका.

सिनेमा १९६९ चा, इटालियन दिग्दर्शक पासोलिनीचा. तो बेतलाय प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकावर. केरुबिनीचं संगीत त्यात नाही. कॅलसने लंडनमध्ये आपला शेवटचा ऑपेरा गायला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि कथापटात तिने काम केलं ते एवढंच. इटालियन आवृत्तीत तर तिचे संवादही दुसऱ्या अभिनेत्रीने डब केलेत. पार्श्वगायनात आपण पडद्यावरच्या चेहऱ्याला दुसऱ्याचा गळा देतो. इथे गळ्यासाठी जगभर गाजलेल्या बाईचा फक्त चेहरा घेतलाय.

आणि तो चेहरा पुरतो, असं मला ठामपणे वाटतं. तुर्कस्तानातल्या कपाडोकियात चित्रित झालेला, मेडियाच्या माहेरचा सुरुवातीचा भाग बघा. शेतं पिकावीत म्हणून एका तरुणाचा बळी दिला जातो, लोक त्याचं रक्त पिकांना माखतात. जड वस्त्रं, गळाभर दागिने घातलेली मेडिया, म्हणजे तिथली पुजारीण, जवळजवळ काहीच बोलत नाही. ऑपेरात शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागणारा आवेग इथे कॅमेरा जवळ आल्यावर नुसत्या नजरेत मावतो. ज्या मुलखातून आणि श्रद्धेतून ती उखडली गेली, ते ऑपेरात आपल्याला दिसतच नाही. सिनेमा फारसा चालला नाही, पण कॅलसच्या कारकिर्दीचं शेपूट म्हणून तो बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

तुमच्यासमोरची मेडिया कोणती, हे जेसनवरूनही कळतं. ऑपेरातला जेसन टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारा गायक, असतो. सिनेमातला जेसन म्हणजे जुझेप्पे जेंटिले, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडीत कांस्यपदक मिळवलेला खेळाडू.