दगडफुलावरचा लाल डाग

उन्हाळा आला की बेळगाव-खानापूर भागात घरोघरी मसाल्याची तयारी सुरू होते. ब्याडगी मिरची उन्हात पडते, धणे-खोबरं भाजून होतं आणि सगळं डंकावर न्यायच्या आधी मूठभर दगडफूल तेलावर परतलं जातं. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळं, चुरगळलेल्या कागदासारखं. दुकानात मराठीत दगडफूल मागा नाहीतर कन्नडमध्ये कल्लु हूवु मागा, बरणी एकच उघडते. दोन्ही नावांचा अर्थ एकच आणि दोन्ही सारखीच फसवी. बाजारात येणारं बरंचसं दगडफूल दगडावरचं नसतंच, ते झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं. आणि फूल तर ते मुळीच नाही.

ते शैवाक, म्हणजे लायकेन. बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. घर बांधते बुरशी, उन्हात बसून साखर करतं शैवल. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना झाडांच्या खोडांवर जे राखाडी-हिरवे चट्टे दिसतात, ते याच जमातीचे.

गंमत अशी की त्या बरणीत एका नावाखाली अनेक जाती नांदत असतात. रुंद पाळ्यांचं पार्मोट्रेमा टिंक्टोरम, कडांवर भुकटी धरणारं पार्मोट्रेमा पर्लाटम, त्याच्याशी सहज गल्लत होणारं पार्मोट्रेमा रेटिक्युलाटम, शिवाय हिमालयातून येणारं अरुंद पट्ट्यांचं हायपोट्रॅकिना सिऱ्हाटा. वाळून चुरा झाल्यावर ही वेगळी करणं जाणकारालाही जड जातं. डोळ्यांना जे दिसत नाही ते रसायनाने दिसू शकतं, ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे.

त्याआधी सगळी भिस्त रूपावर होती. वनस्पतींची वर्गवारी लावणाऱ्या लिनियसने शैवाकांना वनस्पतींमधली सर्वांत दरिद्री रयत म्हटलं आणि त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्याचाच स्वीडिश शिष्य एरिक अकारियस याने त्यांची नीट वर्गवारी लावली. पुढे सूक्ष्मदर्शक सुधारले तसे बीजाणूंचे आकार आणि रंग मोजले जाऊ लागले.

१८६६ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या विल्यम निलँडर या फिनिश अभ्यासकाने दोन साध्या द्रावणांचे थेंब शैवाकांवर टाकून पाहिले. एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं. त्याची खूण ‘के’. दुसरं ब्लीचिंग पावडरचं. त्याची खूण ‘सी’. हो, तीच पावडर, जी पावसाळ्यात गावच्या विहिरीत टाकतात आणि मग चार दिवस पाण्याला वास येतो. शैवाकाची वरची साल ब्लेडने हळूच खरवडायची, आतला पांढरा गर उघडा करायचा आणि त्यावर थेंब सोडायचा. टिंक्टोरम असेल तर ‘सी’च्या थेंबाने गर लालभडक होतो आणि बघता बघता तो रंग उडून जातो. हे काम लेकॅनोरिक आम्लाचं. पर्लाटमच्या गरात स्टिक्टिक आम्ल असतं. ‘सी’ने त्याला काहीच होत नाही, ‘के’ने मात्र तो पिवळा होऊन नारिंगीकडे झुकतो. रेटिक्युलाटममध्ये सालाझिनिक आम्ल असतं आणि तिथे ‘के’चा पिवळा डाग हळूहळू रक्तासारखा लाल होतो. म्हणजे दिसायला बहिणी, पण एकीचा डाग नारिंगी आणि दुसरीचा लाल.

एक व्यावहारिक सूचना: पावडर जुनी, डबा उघडा राहिलेली असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो आणि लाल व्हायला हवं तेही होत नाही. आणि तपासलेला तुकडा मसाल्यात परत टाकू नका.

खरं तर शैवाकांत रंग दडलेला असतो हे निलँडरच्या कितीतरी आधी रंगाऱ्यांना ठाऊक होतं. रोसेलासारखी शैवाकं शिळ्या मुतात, म्हणजेच अमोनियात, आठवडेच्या आठवडे भिजवून युरोपातले लोक जांभळा रंग काढत. स्कॉटलंडमध्ये कथबर्ट गॉर्डन याने १७५८ साली अशाच एका रंगाचं पेटंट घेतलं आणि त्याला आपल्या आईच्या माहेरच्या आडनावावरून नाव दिलं. शाळेत आपण आम्लात लाल आणि अल्कलीत निळा होणारा जो लिटमस कागद बुडवला, त्याचा रंगही मुळात शैवाकांतूनच आला. ‘टिंक्टोरम’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘रंगाऱ्यांचं’, आणि हे नाव १८७२ मध्ये छापलं ते निलँडरनेच. रंगाऱ्यांनी पिंपात रंग काढला, त्याने एका थेंबात.

हा निलँडर भलताच हट्टी गृहस्थ. त्याच सुमारास स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडनर याने शैवाक म्हणजे एक जीव नसून बुरशी आणि शैवल अशी जोडी आहे, असं मांडलं. निलँडरने ते १८९९ मध्ये मरेपर्यंत मानलं नाही. शैवाकाच्या पोटातली रसायनं ज्याने वाचली, त्याला शैवाक म्हणजे काय हेच पटलं नाही. त्याच्या थेंबांवरही त्या काळात टीका झाली: रंग बदलला म्हणून काय जात बदलते? हा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही.

डाग पडतो, पण तो नेमक्या कोणत्या पदार्थामुळे, हे शोधायला रसायनशास्त्रज्ञ यावे लागले. जर्मनीच्या विल्हेल्म झोप्फने १९०७ मध्ये दीडशेच्या वर शैवाक-द्रव्यांची माहिती एका ग्रंथात आणली. मग जपानचे यासुहिको असाहिना. त्यांनी १९३४ मध्ये तिसरा थेंब दिला, पॅराफेनिलिनडायअमिनचा, खूण ‘पी’. केस काळे करायच्या रंगांत जे रसायन असतं आणि ज्याने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेच हे. पुढे त्यांनी काचपट्टीवर अर्क काढून, तो द्रावणात किंचित तापवून स्फटिक पाडायची युक्तीही बसवली. कोणाच्या सुया, कोणाचे तुरे, कोणाच्या चौकोनी वड्या; स्फटिक पाहून पदार्थ ओळखायचा.

तरीही एका शैवाकात चार-पाच द्रव्यं एकत्र असली की स्फटिकांची खिचडी व्हायची. ती सोडवली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या चिचिता कल्बर्सन यांनी. टीपकागदाच्या टोकाला शाईचा ठिपका देऊन टोक पाण्यात धरलं की रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात, तत्त्व तेच. सिलिकाच्या पातळ थराच्या पट्टीवर शैवाकाच्या ॲसिटोन-अर्काचा ठिपका द्यायचा, पट्टी द्रावकात उभी करायची, सुकवून गंधकाम्ल फवारायचं आणि तापवायची. प्रत्येक द्रव्य आपल्या उंचीवर आपल्या रंगाने उमटतं. आइसलंडच्या होर्दुर क्रिस्टिन्सन यांच्याबरोबर १९७० मध्ये त्यांनी याची प्रमाण पद्धत ठरवून दिली. त्यामुळे एका देशातला निष्कर्ष दुसऱ्या देशात पडताळता येऊ लागला, आणि हे मला थेंबांपेक्षाही मोठं वाटतं. आज हजाराच्या वर शैवाक-द्रव्यं माहीत आहेत, आणि त्यांतली बहुतेक शैवाकांखेरीज दुसरीकडे सापडत नाहीत.

भारतात हे काम रुजवलं लखनौ विद्यापीठाच्या धरणीधर अवस्थींनी. त्यांच्या १९८८ आणि १९९१ च्या ओळख-सूची उघडल्या तर पावलोपावली विचारणा दिसते: गर ‘के’ला पिवळा की लाल, ‘सी’ला काय, ‘पी’ला काय. आपल्याला जवळचं केंद्र पुण्याचं. आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला माखिजा यांनी सह्याद्रीतली, विशेषतः खोडाला रंगासारखी चिकटून बसणारी, शैवाकं वर्षानुवर्षं तपासली. या चिकट मंडळींत पाळ्या नाहीत, केस नाहीत. बीजाणू आणि रसायन यांवरच निवाडा. काहींत लायकेक्झँथोन असतं आणि अतिनील दिव्याखाली ती पिवळीधमक चमकतात. खोट्या नोटा पकडायला दुकानदार जो दिवा वापरतात, तसलाच दिवा इथेही चालतो. आंब्याच्या खोडावर सर्रास आढळणारं पिक्सिन कोकोज त्याखाली असंच उजळतं.

मग डीएनए आला आणि हिशेब पुन्हा मांडावे लागले. काही ठिकाणी रसायनावरून वेगळ्या केलेल्या जाती डीएनएने मान्य केल्या, काही ठिकाणी साफ फेटाळल्या. बाजारातल्या दगडफुलातलं ते पट्ट्यांचं शैवाक बरीच वर्षं एव्हर्निॲस्ट्रम या वंशात होतं. २०१३ मध्ये ते हायपोट्रॅकिनात गेलं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं कागदोपत्री बेळगावी झालं तरी आम्ही बोलताना काय म्हणतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुन्या संग्रहालयांतल्या पाकिटांचंही तसंच, त्यांवर अजून एव्हर्निॲस्ट्रमच आहे.

सर्वांत चमत्कारिक प्रकरण उत्तर अमेरिकेतलं. ब्रायोरिया फ्रेमॉन्टी तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते शिजवून खात. ब्रायोरिया टॉर्टुओसा पिवळसर, कारण त्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर, म्हणून विषारी. रसायनाच्या हिशेबाने सरळसरळ दोन जाती. पण डीएनए तपासला तर बुरशी तीच, शैवलही तेच. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शैवाकाच्या सालीत आणखी एक बुरशी, यीस्टच्या रूपात, राहते आणि पिवळ्या नमुन्यांत ती कितीतरी जास्त असते. ती खरोखर संसारातली तिसरी जोडीदार की नुसती भाडेकरू, यावर वाद चालू आहे.

हे वाचून मी यंदा मसाल्याच्या दगडफुलातले काही तुकडे बाजूला काढले आणि ताज्या ब्लीचिंग पावडरचं पाणी करून थेंब सोडले. काही झटकन लाल झाले, काही पांढरेच राहिले. घरात विचारलं, यातलं मसाल्याला चांगलं कोणतं? आजीने दोन्ही ढीग आळीपाळीने हुंगले, लाल डागांकडे पाहिलंही नाही, आणि उरलेलं दगडफूल सगळं एकाच कढईत टाकलं.