पर्णविकास : जनुकीय व अधिजनुकीय नियंत्रण

शेंड्यातील एकसारख्या दिसणाऱ्या पेशींपासून ठरावीक जागी, ठरावीक आकाराचे पान तयार होणे म्हणजे पर्णविकास. कोणत्या जनुकात काय लिहिले आहे आणि ते केव्हा चालू होते, हे त्याचे जनुकीय नियंत्रण. जनुकातील मजकूर तोच ठेवून त्यावरील रासायनिक खुणांनी ते झाकले किंवा उघडे राहिले, तर ते अधिजनुकीय, म्हणजे एपिजेनेटिक नियंत्रण. मराठवाड्यातील कपाशी आणि सोयाबीन ही या विषयाची चांगली उदाहरणे आहेत.

शेंड्याच्या टोकावरील घुमटात नॉक्स गटाची जनुके पेशींना विभागत ठेवतात. घुमटाच्या कडेला जिथे ऑक्झिन हे संप्रेरक साचते तिथे ही जनुके बंद होतात आणि पर्णांकुर उठतो. त्यानंतर पानाची वरची व खालची बाजू ठरते. या बाजू सांभाळणारे जनुकगट एकमेकांना दाबतात. सूक्ष्म आरएनए, म्हणजे जनुकांना आवर घालणारे छोटे रेणू, त्यांच्यातील सीमा राखतात. संयुक्त पानात पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग, पाडण्यासाठी टोमॅटोसारख्या वनस्पती नॉक्स पुन्हा चालू करतात. हरभरा ज्या कुळशाखेतला, त्या शाखेतील वाटाण्यात मात्र हे काम फुले घडवणाऱ्या एका जनुकाकडे आहे. ते बिघडले की संयुक्त पानाऐवजी साधे पान येते.

कपाशीत रुंद पानाच्या जोडीला भेंडीच्या पानासारखे खोल कापलेले पानही आढळते. अमेरिकन कपाशीतील हा फरक मुख्यतः एका जनुकाचा आहे, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. रुंद पानाच्या झाडात त्या जनुकातील ८ अक्षरे गळलेली असल्याने प्रथिन अर्धवट राहते. भेंडीपानाच्या झाडात प्रथिन पूर्ण असते आणि जनुकाच्या नियंत्रक भागातील १३३ अक्षरे दोनदा आल्याने ते अधिक जोमाने चालते. अशा पानांतून हवा व ऊन खालपर्यंत पोचते, बोंडे कमी सडतात.

शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक फवारले आणि वारा कपाशीकडे असला, तरी नवी पाने अशीच चिरलेली, लांबट येतात. गावात लगेच ‘व्हायरस आला’ असे बोलले जाते. टू-फोर-डी हे ऑक्झिनची नक्कल करते, त्यामुळे पर्णांकुरातील संदेशच विस्कटतो. आधीच पूर्ण वाढलेली पाने शाबूत राहतात. झटका सौम्य असेल तर पुढची पाने हळूहळू सरळ येऊ लागतात. या झाडाच्या जनुकातील मजकूर बदललेला नसतो. दिसायला सारख्या पानांमागची कारणे इतकी वेगळी असू शकतात, म्हणून नुसत्या पानावरून निदान करू नये.

अधिजनुकीय बाजूचे ठळक उदाहरण अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील लहान रोपाचे आहे. त्यातील कर्ली लीफ हे जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले. त्याचे प्रथिन, डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर मिथिल खुणा बसवते आणि फुलाचे अगॅमस हे जनुक पानात बंद ठेवते. कर्ली लीफ बिघडले की पानातच अगॅमस जागे होते आणि पान गुंडाळते. पेशी विभागली तरी या खुणा पुढच्या पेशींत टिकतात. बियाण्यातून पुढच्या पिढीत जाण्याआधी मात्र यांतील बऱ्याच पुसल्या जातात. म्हणून दुष्काळ सोसलेल्या पिकाचे बी आपोआप काटक निघते, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. दुपारी ज्वारीचे पान सुरळी होते ते तर केवळ पेशींतील पाणी घटल्याने. त्याचा पर्णविकासाशी संबंध नाही.

पानाची जनुके शेंगेपर्यंत पोचतात. फुलाचे अवयव ही रूपांतरित पानेच, हा विचार जर्मन कवी व निसर्ग-अभ्यासक गटे याने १७९० मध्ये मांडला होता. शेंगही अशाच अवयवापासून बनते. सोयाबीनमधील जॅग्ड १ या जनुकाचा एक प्रकार पर्णिका अरुंद करतो आणि शेंगेतील दाण्यांची संख्याही वाढवतो. जेएस ९३०५ या वाणात अरुंद पर्णिका आणि चार दाण्यांच्या शेंगा एकत्र दिसतात. तरी चार दाणे म्हणजे हमखास जास्त उतारा नव्हे, कारण अशा वाणांत दाणा बहुधा बारीक भरतो.