चाळिशीतल्या ‘लेकरा’चा स्मृतिभ्रंश

मराठवाड्यात बौद्धिक दिव्यांग माणूस पंचेचाळिशीचा झाला तरी घरात ‘लेकरू’च असतो. त्याला म्हातारपणाचा आजार होईल हे कुणाच्या मनात येत नाही. पूर्वी यायचं कारणही नव्हतं. १९८३च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा डाऊन सिंड्रोम (बौद्धिक दिव्यांगत्वाचं एक जन्मजात कारण) असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीच्या घरात गेलंय.

ब्रिटिश डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या अवस्थेचं वर्णन केलं. अशा रुग्णांत लवकर येणाऱ्या स्मृतिभ्रंशाबद्दल अमेरिकी डॉक्टर जर्व्हिस यांनी १९४८ मध्ये लिहिलं. कारण मात्र बऱ्याच उशिरा कळलं. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी १९८४ मध्ये वेगळं काढलं. ते ज्या प्रथिनापासून बनतं, त्याचं जनुक १९८७ मध्ये सापडलं नेमकं २१व्या गुणसूत्रावर. डाऊन सिंड्रोममध्ये याच गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. त्यामुळे चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत अमायलॉइडचे थर दिसतात. सुरुवात विसरण्यानेच होते असं नाही. स्वभाव बदलतो, माणूस हट्टी किंवा गप्प होतो, कधी नव्यानेच फिट येतात.

डिलिरियमचं, म्हणजे अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळाचं, याहून अवघड. तो तासा-दिवसांत येतो, सकाळी बरा वाटणारा माणूस संध्याकाळी बरळतो, नाहीतर नुसता पडून राहतो. मागे लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठ, एखादं औषध, किंवा मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होणं असतं. कारण सापडलं तर तो बहुतेकदा उतरतो. पण ‘ते पहिल्यापासून तसंच आहे’ म्हटलं की शोध तिथंच थांबतो. लक्षण अपंगत्वाच्या खात्यावर टाकण्याची ही सवय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रीस आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्येच दाखवून दिली होती. डॉक्टरही तिला अपवाद नाहीत.

आपल्याकडे मानसिक आजार आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांची व्यवस्थाच दोन वाटांनी गेली. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व आपल्या व्याख्येबाहेर ठेवलं. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला, त्यांतलं मराठवाड्यात एकही नाही. विशेष शाळा साधारण १८व्या वर्षी संपते. ब्रिटनमध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्याला वयाच्या तिशीपर्यंतच तपासून, तो काय काय करू शकतो हे लिहून ठेवायची शिफारस आहे, म्हणजे पुढची घसरण मोजता येते. इथं ती माहिती फक्त आईच्या डोक्यात असते, आणि आई सत्तरीची.