प्रवाळ मिटलं की ‘काय घालू?’ : एका प्रश्नामागची पावणेदोनशे वर्षं

एप्रिल सरत आला की फोन सुरू होतात. परभणीहून, नांदेडहून, छत्रपती संभाजीनगरहून. घरात समुद्री टाकी ठेवणारे आम्ही मराठवाड्यात मोजकेच, त्यामुळे एकमेकांना धरून असतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : “ताई, प्रवाळ मिटलंय, काय घालू?” (प्रवाळ हा समुद्रातला प्राणी; तो मिटतो म्हणजे उमललेलं अंग आक्रसून घेतो.)

यातला ‘घालू’ हा शब्द मला दर वर्षी अडखळायला लावतो. लातुरातल्या माझ्या १२० लिटरच्या टाकीत पहिल्या उन्हाळ्यात मीही तेच केलं होतं. एका दुकानदाराने सांगितल्या त्या चारही बाटल्या एका दिवसात ओतल्या आणि दोन दिवसांत होतं नव्हतं ते झोअँथस नावाचं मऊ प्रवाळही आक्रसून गेलं. प्रवाळाला सावरायला माणूस आजवर काय काय करत आला, हे मी त्यानंतर मुळापासून वाचत गेले. त्या वाचनातून हे टिपण तयार झालं.

आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की सराफाच्या काचेखालचं लाल पोवळं आठवतं, नाहीतर वैद्यांच्या पुडीतली प्रवाळपिष्टी. ते लाल पोवळं प्रामुख्याने भूमध्य समुद्रातलं, अंधूक उजेडात वाढणारं. टाकीत असतात ती प्रवाळं बहुतांशी उष्ण, उथळ, लख्ख उजेडाच्या समुद्रातली. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला आसरा आणि खत देतं. हा संसार मोडला की प्रवाळ फिकट पडतं, पांढरंही होतं. पण पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं असतंच असं नाही. पारदर्शक झालेली कातडी शाबूत असते आणि शैवाल परत वस्तीला आलं तर रंगही परततो. दुरुस्तीची सगळी आशा या मधल्या दिवसांवर उभी आहे.

प्रवाळ घरात जगवण्याची सुरुवातीची एक नोंद इंग्लंडमधली आहे. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन नावाची बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही लहान, पेल्याच्या आकाराची प्रवाळं दगडी बरणीत घालून लंडनला घेऊन गेली. वाटेत हिंदकळून बरणीच्या भिंतीवर आपटू नयेत म्हणून तिने ती सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजला टाचून घेतली. लंडनला समुद्राचं पाणी रोजच्या रोज मिळेना. मग दूध निववताना आपण दोन भांड्यांत वरून खाली ओततो तसं ते पाणी उघड्या खिडकीसमोर पुन्हा पुन्हा ओतायचं, असा उपाय निघाला. हे काम अर्धा-पाऊण तास करणारी तिची मोलकरीण होती. तिचं नाव मला कुठे सापडलं नाही, पण ती प्रवाळं तीन वर्षं जगली ती त्या हातांमुळे. पुढे थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि प्रवाळं कशी वाढतात, कशी दुणावतात याच्या नोंदी केल्या. त्या १८५९ मध्ये छापूनही आल्या.

म्हणजे सुरुवातीला पाण्यात ‘घातली’ ती फक्त हवा.

ही प्रवाळं थंड समुद्रातली होती, त्यांना उजेडाची फारशी गरज नव्हती. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांचं कोडं सुटायला बराच काळ गेला. १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली एक पथक ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लो आइल्स बेटांवर मुक्कामाला होतं. उष्णता वाढली किंवा उपासमार झाली की प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतं, हे त्यांनी नोंदवलं. १९४४ मध्ये सिरो कावागुती या जपानी शास्त्रज्ञाने हे शैवाल कोणत्या कुळातलं ते दाखवून दिलं. मग १९५९ च्या सुमारास जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून मोजलं, तेव्हा उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी भराभर बनतो हे दिसलं. प्रवाळाच्या तब्येतीचा माग पहिल्यांदाच पाण्याबरोबर दिव्यापर्यंतही पोचला.

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकी मासिकात आपली रीत मांडली : समुद्रातले जीवजंतूंसकटचे दगड, हळू सोडलेले हवेचे बुडबुडे आणि खिडकीतलं ऊन. बास. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या माणसाला ते जमलं. युरोपातल्या बंद, थंड घरांत जमेना. दगड लांबच्या प्रवासात सडायचे, ऊन तर नव्हतंच.

ती कसर भरून काढली जर्मन भाषकांनी. स्वित्झर्लंडचे पेटर विल्केन्स यांनी १९७० च्या दशकात ‘काल्कवासर’ची शिफारस केली. वाढत्या प्रवाळाला पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता सतत लागते, बंद टाकीत ती संपते, म्हणून काल्कवासरने भरून काढायची. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मी थबकले, कारण त्याचा सरळ अर्थ होतो चुन्याचं पाणी. आपली चुन्याची निवळी! माझी आजी पानाचा चुना रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्यायची आणि लेकरांच्या हाडांसाठी चमच्याने द्यायची. रसायन तेच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. फक्त टाकीसाठी पानाच्या डब्यातला चुना वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही. शुद्ध भुकटी घ्यायची. ही निवळी फार जहाल असते, तिचा सामू १२ च्या वर जातो, म्हणून ती शक्यतो रात्री, थेंबाथेंबाने सोडतात. धसमुसळेपणाने ओतली तर वाचवायला निघालेलं प्रवाळच भाजतं. आणि ती वाढणाऱ्या कठीण प्रवाळाची रोजची भाकरी आहे, आजारपणातलं औषध नव्हे. आमच्याकडे फोनवर विचारणाऱ्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच झालेला असतो.

याच काळात बर्लिनमध्ये डिट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या मित्रांनी जिवंत दगड, जोरकस स्किमर (फेसातून घाण काढून पाणी स्वच्छ करणारं यंत्र) आणि झगझगीत दिवे यांची सांगड घातली. ‘बर्लिन पद्धत’ ती हीच. श्ट्यूबर यांच्या टाकीतल्या कठीण प्रवाळाच्या, म्हणजे अ‍ॅक्रोपोराच्या फांद्या तुटून टाकीटाकीत, देशोदेशी गेल्या. ज्याला आज सगळे ‘फ्रॅग’ म्हणतात ते म्हणजे आपलं कलम. जालन्याच्या मोसंबीवाल्याला डोळा भरणं सांगावं लागत नाही, तसं बर्लिनकरांना फांदी तोडणं सांगावं लागलं नाही. आजारी प्रवाळाच्या इतिहासात या कलमाला मोठं स्थान आहे. कातडी एका टोकाकडून सोलत चालली की सडलेल्या भागाच्या पुढे, निरोगी भागातून कापून तो तुकडा वेगळा काढायचा. मूळ वसाहत गेली तरी वाण राहतो.

कलमाच्याच वाटेवर एक चूक पुढे मोठं तंत्र ठरली. २००६ च्या सुमारास फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड वॉन टाकीतला एल्कहॉर्न प्रवाळाचा तुकडा हलवत होते. तो तळाला चिकटलेला होता. ओढताना तुटला आणि दोन-तीन पॉलिप (प्रवाळाच्या वसाहतीतले एकेक इवले जीव) तिथेच उरले. ते मेले असं धरून त्यांनी सोडून दिले. काही आठवड्यांनी पाहिलं तर ते नुसते जगलेच नव्हते, झपाट्याने पसरले होते. जखम भरताना प्रवाळ नेहमीपेक्षा किती तरी वेगाने वाढतं, हे त्यातून पुढे आलं. आता समुद्रातल्या मोडक्या रीफवर अशी बारीक कलमं लावली जातात. टाकीने समुद्राला दिलेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट, असं मला मनापासून वाटतं.

दुसरीकडे छंदाच्या दुनियेत एक वेड पसरलं होतं : पाणी जितकं निर्मळ तितकं बरं, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. टाक्या काचेसारख्या लखलखायच्या आणि प्रवाळं मात्र फिकुटलेली. २०१३ मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नायट्रोजन मुबलक आणि फॉस्फेटची चणचण असली, तर तीव्र उजेडात आणि उष्णतेत प्रवाळ पांढरं पडायची शक्यता वाढते. अंगातल्या शैवालाची उपासमार होते. आज बहुतेक जण नायट्रेट लिटरला २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास ठेवतात. पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला उजेड कमी करून थोडंथोडं खाऊही घालतात, कारण घरचा कमावता माणूस निघून गेलेला असतो.

आता आपल्या मुलखाकडे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं, कुठे कुठे नायट्रेटनेही. ते आरओ-डीआय या क्षार काढणाऱ्या गाळणीमधून काढून त्यात सॉल्ट मिक्स घालायचं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने खारटपणा जुळवायचा. आरओ चांगलं पाणी देतं त्याहून जास्त वाया घालवतं. ज्या लातुरात एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथे हे मनाला लागतं. आमच्याकडे ते सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरतो. एक थेंबही मोरीत जात नाही.

पण खरी परीक्षा मे महिन्याची. दुपारी लाइट गेली की खोली तापते, पाणी हलतं ठेवणारे वेव्हमेकर थांबतात, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. दोन वर्षांपूर्वी अशीच पाच तास लाइट नव्हती, पाणी ३१ अंशांवर गेलं. आई आणि मी आळीपाळीने तांब्याने पाणी काढून वरून धार सोडत बसलो. आई म्हणाली, “अगं, हात भरून आले, पण मासा वर येऊन तोंड उघडत नाहीये आता.” लंडनच्या त्या मोलकरणीची आठवण मला तेव्हा झाली.

या मुलखाने एक गोष्ट मात्र आपल्याला दिली आहे, कोरडी हवा. माठ गार होतो आणि वाळ्याचा पडदा खोली निववतो त्याच न्यायाने टाकीच्या पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तो इतका चालत नाही. माझ्याकडे मे महिन्यात रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची, आणि थोडीथोडी. मृगाचा पाऊस पडला, हवा ओलावली की तोच पंखा निरुपयोगी होतो, हे पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या टाकीत मऊ प्रवाळंच आहेत, त्यालाही कारण आहे. २००१ मध्ये सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. मालवणहून कुणी ‘समुद्रातला दगड’ आणून देतो म्हणालं तर घेऊ नका. जिवंत असो की मेलेलं, ते गुन्ह्यात बसतं, आणि तिथल्या समुद्राचा तो घास आहे.

त्या पाच तासांनंतर माझं लेदर कोरल मिटलं. छत्रीसारखी टोपी आक्रसली, पॉलिप आत गेले आणि वर मेण चोपडल्यासारखा राखाडी चकचकीत थर आला. चौथ्या दिवशी हात आयोडीनच्या बाटलीकडे गेला होता. आयोडीनचं बुडवण हा या छंदातला जुना उपाय. त्यासाठी वापरतात ते ल्यूगोलचं द्रावण मूळचं १८२९ मधलं, माणसांसाठी केलेलं, आणि कापलेल्या जागेवर ते उपयोगी पडतंही. पण इथे जखम नव्हती. मी फक्त तापमान २६ वर धरलं, दिव्याची वेळ दोन तासांनी कमी केली आणि प्रवाहाचा झोत थोडा त्या टोपीकडे वळवला. नवव्या दिवशी कडेचा एक पापुद्रा सुटून पाण्यात फडफडू लागला. संध्याकाळपर्यंत पट्ट्या पट्ट्या निघाल्या. सापाने टाकावी तशी कात टाकली त्याने. खाली नवी, फिकी पिवळी कातडी होती, आणि दुसऱ्या सकाळी तिच्यातून मोहरीएवढे पॉलिप डोकं काढत होते. लेदर कोरल अधूनमधून असं करतंच. पुष्कळ जण याच आठवड्यात ते मेलं समजून फेकून देतात.

गेल्या दिवाळीनंतर ती टोपी इतकी पसरली की खालच्या झोअँथसवर सावली पडू लागली. मग कलम केलं. झोअँथसमधल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं आणि लेदर कापताना स्वतःचं विष सोडतं, म्हणून हातमोजे, चष्मा, वेगळं तसराळं. नांदेडच्या मैत्रिणीला अर्धी टोपी द्यायची होती. लेदरला बुळबुळीत स्राव सुटतो, त्यावर गोंद धरत नाही. सिरॅमिकचा छोटा दगड घेतला, नायलॉनचा दोरा सुईत ओवला आणि दोन टाके घालून तुकडा दगडाला टाचला. प्लॅस्टिकच्या बरणीत टाकीचंच पाणी, बरणी थर्माकोलच्या डब्यात, आणि डबा मांडीवर घेऊन मी सकाळच्या एसटीत बसले.