यूपीएस घेतलात, आता सर्व्हरशी त्याची डेटा केबलही जोडा

"यूपीएस होता, तरी सर्व्हर बंद पडला आणि आता टॅलीचा डेटा उघडत नाही." उन्हाळा लागला की सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीपासून होटगी रोडपर्यंत सगळीकडून आम्हाला हाच फोन येतो. जाऊन पाहावं तर यूपीएस ठणठणीत असतो. फक्त त्याची डेटा केबल खोक्यातच, पिशवीत तशीच पडून असते.

पॉवर केबलमधून सर्व्हरला फक्त वीज मिळते. लाइट गेली आहे, बॅटरी किती उरली आहे, हे सांगायला वेगळी केबल लागते, बहुतेक मॉडेलना यूएसबीची. ती जोडली असेल तर बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतःहून नीट बंद होऊ शकतो. ती नसेल तर सर्व्हर आपल्या नादात चालत राहतो आणि बॅटरी संपली की धाडकन बंद पडतो. कारखाना बंद करून सगळे घरी गेल्यावर लाइट गेली, तर हे हमखास घडतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक मात्र वेगळीच आहे. यूपीएसच्या मागे लॅनसारखं पोर्ट दिसतं आणि कोणीतरी त्यात साधी लॅन केबल खुपसून ती स्विचला जोडतो. दिवा लागत नाही, काही दिसत नाही, मग "यूपीएस खराब निघाला" अशी तक्रार येते. 'इन' आणि 'आउट' लिहिलेली दोन पोर्ट असतील, तर ती फक्त फोन किंवा नेटच्या तारेतून अचानक येणारा जादा वीजदाब अडवायला असतात. त्यांतून सर्व्हरला काहीच कळत नाही. एपीसी कंपनीच्या बऱ्याच मॉडेलवर एकच पोर्ट असतं. ते लॅनसारखं दिसतं, पण त्यात दहा पिना असतात आणि त्याला कंपनीचीच केबल लागते, एका टोकाला ते कनेक्टर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली. नऊ पिनांचं जुनं सीरियल पोर्ट असेल तर घरात पडलेली साधी सीरियल केबल मुळीच लावू नका. काही मॉडेल तेवढ्यानेच बंद होतात आणि चालू सर्व्हरही सोबत जातो.

केबल बरोबर लागली की विंडोजमध्ये घड्याळाजवळ लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह दिसतं. निदान एवढं तरी स्वतः पाहून घ्या. लिनक्सवर आम्ही 'नट' ही मोफत प्रणाली बसवतो. एका सर्व्हरला यूएसबी जोडली की बाकीची मशीन नेटवर्कवरून त्याच्याकडूनच निरोप घेतात. त्यासाठी नेटवर्क स्विचही यूपीएसवरच हवा. स्विच भिंतीच्या प्लगवर असेल तर लाइट गेल्याबरोबर तो बंद, आणि निरोप पोचणारच नाही.

"बॅटरी अर्धा तास चालते, मग तुम्ही लाइट गेल्यावर पाचव्या मिनिटालाच सर्व्हरचं शटडाउन का लावता?" असं बरेच जण विचारतात. लाइट एकदाच जाईल असं नसतं. येऊन दहा मिनिटांत परत गेली, तर तेवढ्यात बॅटरी भरलेली नसते. शिवाय बॅटरी जुनी झाली की स्क्रीनवर चाळीस टक्के दिसता दिसता ती एकदम बसते. म्हणून आम्ही टक्क्यांवर विसंबत नाही. सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही थोड्या वेळाने वीज तोडावी, अशी सेटिंगही करतो. नाहीतर मधेच लाइट आली तर वीज गेल्याचं सर्व्हरला कळतच नाही आणि तो आपोआप सुरू होत नाही.

जोडणीनंतर बोर्डावरचं बटण बंद करून खरी चाचणी घेतल्याशिवाय आम्ही काम पूर्ण झालं असं धरत नाही. त्यासाठी सर्व्हर थोडा वेळ रिकामा द्यावा लागतो. दुपारी बिलिंग चालू असताना ते जमत नाही, म्हणून आम्ही संध्याकाळची वेळ मागतो. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवणाऱ्यांना एकच सांगणं आहे: त्याला बहुधा डेटा पोर्टच नसतं, त्यामुळे ही सोय त्यावर देता येत नाही.

सोलापूरचा उन्हाळा बॅटरीला जड जातो. 25 अंशांच्या वर साधारण दर 10 अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून यूपीएस पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. आमच्या वार्षिक करारात उन्हाळ्याआधीची बॅटरी तपासणी धरलेली आहे. यूपीएस दुसरीकडून घेतला असेल तरी जोडणी आम्ही करून देतो. आम्हाला बोलावताना यूपीएसच्या मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो आणि मॉडेल नंबर पाठवा, म्हणजे योग्य केबल घेऊनच माणूस येईल.