मिशरीने हिरड्या घट्ट होत नाहीत

मिशरी लावली की हिरड्या घट्ट राहतात, असं कितीतरी घरांत अजूनही मानतात. ते खरं नाही. मिशरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. ठणका घटकाभर कमी वाटतो, पण हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच.

‘वय झालं, दात हलणारच’ हेही चूक. नुसत्या वयाने दात हलत नाहीत. वर्षानुवर्षं साचलेल्या किटणातल्या जंतूंमुळे हिरड्या सुजतात आणि दाताखालचं हाड झिजतं. मधुमेह आटोक्यात नसेल तर हे जास्त वेगाने होतं, आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे साखरही आवरत नाही. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या बीपीच्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.